आ कर, जीभ वर!

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जायच्या आणि गंजावरचं झाकण उचलायच्या. आत तुरीची डाळ असो की वांग्याची भाजी, थेंबभर तळहातावर घेऊन चाखायच्या आणि मागे वळून त्या घरच्या बाईला विचारायच्या, "बीपी हाये ना वं तुले? मंग इतलं मीठ कोनासाठी?"

"माणूस खोटं बोलते गा," त्या मला सांगायच्या. "गंज नाही बोलत."

मी ट्रस्टमध्ये रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उचललं होतं. आत आईनं दिलेलं लिंबाचं लोणचं, दोन पापड आणि तळलेल्या मिरच्या होत्या. सिस्टरनी झाकण परत लावलं आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे पोट्टं आता लोकायले सांगणार हाये, मीठ कमी खा म्हनून."

जरीपटक्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावर आमच्या ट्रस्टच्या दोन खोल्या होत्या. एका व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं काढलेला हा ट्रस्ट. डोळ्यांची शिबिरं, बायकांसाठी शिवणवर्ग आणि आसपासच्या तीन वस्त्यांमध्ये बीपी आणि शुगरच्या रोग्यांना तपासणी आणि फुकट गोळ्या, एवढं आमचं काम. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे. बाकी सगळं सिस्टर बघायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पांढरी साडी, पायात पुरुषांच्या मापाच्या काळ्या चपला. पुरुषांच्या काहून, तर त्या जास्त टिकतात म्हणून. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते घेऊन कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. अध्यक्षसाहेबही 'सिस्टर' म्हणायचे आणि त्या दिसल्या की हातातलं फरसाण टेबलाखाली ठेवायचे.

मी होतो कार्यक्रम समन्वयक. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, गळ्यात ओळखपत्र. त्या ओळखपत्राच्या दोरीचा रंग मी स्वतः निवडला होता, यावरून माझ्या तेव्हाच्या कर्तृत्वाचा अंदाज यावा. मी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचो. 'सहभाग', 'सक्षमीकरण' असे शब्द मी दिवसातून इतक्यांदा वापरायचो की एकदा सिस्टरनी विचारलंच.

"सहभाग म्हंजे काय गा?"

"म्हणजे लोकांनी स्वतः पुढाकार घ्यायचा, निर्णय प्रक्रियेत..."

"म्हंजे चहा ते पाजतीन?"

मी म्हणालो, तसंही म्हणता येईल. "मंग हाये ना सहभाग," त्या म्हणाल्या. "तीस वर्सापासून पिऊन राहिली मी."

माझा बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म त्यांनी कधी भरला नाही. मी चिडलो की म्हणायच्या, "माह्या बापानं दीक्षा घेऊन देवाचं भेव सोडलं, अन् मी तुह्या फॉर्मले भेऊ?" मग तो फॉर्म मीच भरायचो. रात्री घरी बसून, 'कुटुंबातील निर्णय कोण घेते' यापुढे अंदाजानं खूण करत.

सिस्टरची काम करायची एक पद्धत होती. तिला त्या 'जोडी' म्हणायच्या. वस्तीत कुणीही आपली गोळी आपण घ्यायची नाही. दोघादोघांच्या जोड्या लावलेल्या. माझ्या गोळ्या तुझ्या घरी, तुझ्या माझ्या घरी. सकाळी एकानं दुसऱ्याच्या दारात जायचं, त्याची गोळी त्याच्या हातावर ठेवायची, पाणी प्यायला लावायचं आणि म्हणायचं, "आ कर. जीभ वर." जिभेखाली गोळी लपवलेली नाही याची खात्री झाली की मग आपलं तोंड उघडायचं. "आपली गोळी माणूस विसरते," सिस्टर म्हणायच्या. "दुसऱ्याची चुगली करायचं नाही विसरत."

जोड्या लावण्यात त्यांची बुद्धी अशी चालायची की ऐकणाऱ्यानं डोक्याला हात लावावा. सासू आणि सून. घरमालक आणि भाडेकरू. सगळ्यात गाजलेली जोडी कुसुमबाई आणि तिच्या शेजारणीची. दोघींच्या दारांमधून एक नाली जायची आणि त्या नालीवरून त्या कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सिस्टरनी मुद्दाम त्यांचीच जोडी लावली. रोज सकाळी शेजारीण येणार, तोंड फिरवून गोळी पुढे करणार आणि आयुष्यात फक्त चारच शब्द बोलणार: आ कर, जीभ वर. मी एकदा कुसुमबाईला विचारलं, तुमचं तर पटत नाही, मग तुम्ही तिची गोळी कधी चुकवत कशा नाही? तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते मेली तं मी भांडू कोनासंगं?"

ही पद्धत चालत होती. पण माझ्या फॉर्ममध्ये तिला रकाना नव्हता. मुंबईहून मदत देणाऱ्यांना मी काय लिहून पाठवणार होतो, की दोन भांडखोर बायका एकमेकींच्या तोंडात डोकावतात? मला पुरावा हवा होता. मोजता येईल, फोटो काढता येईल असा.

आणि तो मला माझ्याच घरी सापडला.

माझे बाबा बीपीनं गेले. मी कॉलेजात होतो. एका सकाळी आंघोळीला म्हणून गेले आणि मोरीतच पडले, त्यानंतर आठ दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर काही वर्षांनी आईलाही बीपी निघालं. घरात आम्ही दोघंच. मी वरून कितीही शब्दांचे फुगे फुगवत असलो तरी आतून मला एकच भीती होती, आईचंही बाबांसारखं होईल. म्हणून मी दर महिन्याला तिच्या गोळ्या आणायचो आणि विचारायचो, घेतल्या ना? ती काही न बोलता फडताळातून रिकामी पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवायची. गोळीचं एकूण एक घर फोडलेलं. मला बरं वाटायचं. मी ती पाकिटं कचऱ्यात टाकायचो आणि नवी द्यायचो.

एका महिन्याला ती पाकिटं हातात घेऊनच माझ्या डोक्यात वीज चमकली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात योजना मांडली: रिकामं पाकीट आणा, नवं घेऊन जा. जोडीबिडी बंद. ज्याच्या गोळ्या त्याच्या घरी. अध्यक्षसाहेबांना योजना भलतीच आवडली. सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, "बाबू, पाकिटाले बीपी नाही राहत."

योजना धो धो चालली. वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर मी दर बुधवारी टेबल मांडून बसायचो आणि लोक रांगेनं चकचकीत रिकामी पाकिटं आणून द्यायचे. एकही गोळी शिल्लक नाही. मी पोती भरली. पोत्यांचे फोटो काढले. मुंबईच्या पाहुण्यांना पाठवले आणि त्यांनी कळवलं की हे प्रत्यक्ष बघायला आम्ही येतो. त्या आठवड्यात मी नवीन सदरा शिवला.

पाहुणे आले. दोन बायका, एक साहेब आणि एक फोटो काढणारा. मे महिना होता, त्यामुळे कूलर असलेलं घर बघून ठेवावं लागलं, आणि ते कुसुमबाईचं निघालं. मी पाहुण्यांना सांगत होतो की वर्तन परिवर्तन कसं तळागाळातून येतं. सिस्टर आपल्या सवयीनं आत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. झाकणांचे आवाज येत होते. मग ते थांबले.

सिस्टर बाहेर आल्या त्या हातात पत्र्याचा बिस्किटाचा डबा घेऊन. त्यांनी तो पाहुण्यांसमोर चटईवर ठेवला आणि झाकण उचललं. आत काठोकाठ गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, सुट्या. महिन्यामहिन्यांच्या.

कूलर तेवढा घरघरत होता. मी म्हणालो, "कुसुमबाई, हे काय?"

कुसुमबाई जराही गडबडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर नीट काम केल्याचं समाधान होतं. "तुमी पाकिटं मागतले, आमी देल्ले," ती म्हणाली. "गोळ्या कोनं मागतल्या?"

पाहुण्यांपैकी एक बाई हळू आवाजात मला म्हणाल्या, यांना विचारा ना, गोळ्या खाल्ल्या का नाहीत. विचारलं.

"बरं वाटून राहिलं तं काहून खावं? ज्या दिवशी चक्कर आली त्या दिवशी खातो. बाकीच्या ठेवल्या." आणि मग तिनं माझ्याकडे पाहून असं काही सांगितलं की नवीन सदरा अंगाला टोचायला लागला. "साहेब, तुमच्याआधीबी एक संस्था आल्ती. दोन वर्स गोळ्या देल्ल्या अन् निंघून गेली. तुमी गेल्यावर आमी कोठून आनू? म्हनून जमा करून राहिलो."

त्या दुपारी सिस्टरनी वस्तीत चाळीसेक घरांची झाकणं उचलली. पोह्यांच्या डब्यात, पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, गादीखाली, जिथं तिथं गोळ्या. माझ्या पोत्यांमधली पाकिटं तिकडे आणि गोळ्या इकडे. मी पुराव्याची अशी काही व्यवस्था केली होती की लोकांना गोळी न खाण्यासाठीही पाकीट फोडावं लागत होतं.

पाहुणे सदर भागातल्या हॉटेलात परत गेले. मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता चांगल्याच झापतील. पण त्या विचार करत होत्या.

"हे रिकाम्या पाकिटाची अक्कल तुले कोठून आली गा?"

"घरून," मी म्हणालो. "आई देते ना. दर महिन्याला. सगळी फोडलेली..."

वाक्य पूर्ण होण्याआधीच सिस्टर उठल्या आणि चपला घालायला लागल्या. मी तिथंच तोंड उघडं टाकून बसलो. एवढा शिकलेला माणूस, पण दोन आणि दोन चार करायला मला पुरुषी चपला घातलेली बाई लागली.

"चाल घरी," त्या म्हणाल्या.

रिक्षात बसल्यापासून मोरीत पडलेले बाबा डोळ्यांपुढून हलत नव्हते. घरी आई तांदूळ निवडत होती. सिस्टर तिलाही नमस्कार न करता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. साखरेचा डबा, पोह्यांचा, रव्याचा, तिखटाचा. कशातच काही नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग सिस्टरनी फडताळाच्या अगदी मागे हात घातला आणि एक लहान स्टीलचा डबा बाहेर काढला. तो माझा शाळेचा डबा होता. आईनं भांडेवाल्याकडून झाकणावर माझं नाव कोरून घेतलं होतं, चोरीला जाऊ नये म्हणून.

सिस्टरनी झाकण उचललं. पुढे बघायची मला गरज नव्हती.

"आई!" मी ओरडलोच. "काहून केलं हे?"

आई तांदळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बाबाच्या गोळ्या सरल्या होत्या. पंधरा दिवस घरात गोळी नव्हती अन् त्यायनं कोनाले सांगतलं नाही. तुह्या बाबाले होतं, तुह्या आज्याले होतं. तुलेबी लागनच ना. तुह्या नोकरीचं आज हाये, उद्या नाही. तवा तुले कोन आनून देईन?" तिनं डब्याकडे हात केला. "तुह्यासाठी ठेवल्या."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी रडतोय आणि हातात ओळखपत्राची दोरी गुंडाळतोय, असं ते दृश्य होतं.

सिस्टरनी आईच्या दंडाला पट्टा बांधला. मोजलं. आकडा सांगितला नाही. पुन्हा मोजलं. मग पिशवीतून नवं पाकीट काढलं, एक गोळी आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, ह्या डब्यातल्या हवा लागलेल्या गोळ्या कोनाच्याच कामाच्या नाही. पोराले गोळीपेक्षा माय जास्त लागते. आ करा. जीभ वर." आईनं निमूटपणे तोंड उघडलं. संध्याकाळीच आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. तिचं काही बिघडलं नव्हतं, पण बिघडायला फार दिवस उरले नव्हते, असं डॉक्टर म्हणाले.

पण त्याआधी आणखी दोन गोष्टी झाल्या. सिस्टरनी मला समोर बसवून माझ्या दंडाला पट्टा बांधला, मोजलं आणि आईला म्हणाल्या, "घ्या, तुमचा अंदाज बरोबर निंघाला." मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि वर्षभर लोकांना बीपी मोजून घ्या म्हणून सांगत होतो. स्वतःचं एकदाही मोजलं नव्हतं.

मग आई म्हणाली, "आता तुमचंबी मोजा."

"मले काई नाही."

"मोजा म्हनतो ना मी."

सिस्टरच्या दंडाला पट्टा मी बांधला. त्यांचं आम्हा दोघांपेक्षा जास्त निघालं. इतकी वर्षं त्यांनी उभ्या वस्तीच्या जोड्या लावल्या, पण त्या एकट्या राहायच्या आणि त्यांना स्वतःला जोडी नव्हती. डॉक्टरांनी दिलेली त्यांची गोळी कधी घेतली जायची, कधी राहायची. आई म्हणाली, "मंग तुमाले गोळी कोन देते?" सिस्टर दंडावरचा पट्टा सोडवायला लागल्या.

"मी देतो," आई म्हणाली. "बुधवारी येजा. बाकी दिवस फोन करजा."

पाकीट योजना बंद झाली. मुंबईच्या पाहुण्यांनी मदत मात्र बंद केली नाही. त्या बाईंनी कळवलं की त्यांना जोडीची पद्धत समजून घ्यायची आहे, रकाना नसला तरी चालेल. माझीही तीन बुधवार तपासणी होऊन डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मग आमच्याकडे दोघांची नाही, तिघांची जोडी झाली. बुधवार सोडला तर रोज सकाळी साडेसातला सिस्टरचा फोन. आई आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवणार, मी आईला गोळी देणार, आई मला देणार. फोनमधून हुकूम येणार, "आ करा, जीभ वर," आणि आई खरंच फोनसमोर तोंड उघडून उभी राहणार. मग आई म्हणणार, "आता तुमी." पलीकडे भांड्याचा आवाज, घोटाचा आवाज, आणि "झालं."

सिस्टरचे गुडघे गेले तेव्हा त्या रामटेकला भावाच्या घरी राहायला गेल्या. फोन मात्र चुकला नाही. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

त्या दिवशी साडेसात झाले, पावणेआठ झाले, आठ झाले. फोन नाही. आम्ही लावला तर बंद. आई फडताळाला टेकून उभी होती. "तू जाय," ती म्हणाली. मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो. रामटेकच्या बसमधून दोन्ही बाजूंनी धानाची रोवणी चाललेली दिसत होती आणि मी मनात नको नको ते रचत होतो.

भावाच्या घराचं दार उघडं होतं. सिस्टर ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. जिवंत, आणि नेहमीसारख्या चिडलेल्या. भावाच्या नातवानं फोन पाण्याच्या बादलीत टाकला होता. त्यांच्या उजव्या मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली तर गोळी. घामानं अर्धी विरघळलेली.

"घेतली काहून नाही?" मी विचारलं.

"तुह्या मायनं 'आता तुमी' म्हनलं नाही," त्या म्हणाल्या. "तिनं घेतली का?"

"नाही. तुमच्या फोनची वाट पाहून राहिली."

"अन् तू?"

मीही विसरलो होतो.

"गाढवा!" सिस्टर खुर्चीतून उठायला लागल्या. "ते तिकडं गोळी न खाता बसली, अन् तू इकडं काय करून राहिला?"

मी माझा फोन काढून आईला लावला. सिस्टर नवी गोळी आणायला काठी टेकत आत गेल्या. मी त्यांच्यामागून गेलो, आणि त्या पाणी ओतत होत्या तोवर माझ्या हातांनी मला न विचारता त्यांच्या फडताळातली झाकणं उचलायला सुरुवात केली. साखर. पोहे. हळद. शेवटच्या डब्यात वाळवलेली बोरं.

"सापडलं काही?" मागून आवाज आला.

"नाही."

"कसं सापडन? रोज खाऊ घालते ना तुही माय." त्यांनी गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी माझ्या हातात दिली. फोनमधून आई विचारत होती, सिस्टर बऱ्या हायेत ना, सिस्टर बऱ्या हायेत ना.

मी सिस्टरच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा गिलास दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणालो, "आ करा. जीभ वर."

त्यांनी तोंड उघडलं.